कागदावरची पिशवी

"तुमची पिशवी काढलेली आहे," दवाखान्याच्या विमा काउंटरच्या काचेमागून बिडकर मॅडम म्हणाल्या.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पडद्याकडे बघत होत्या. मी काउंटरला टेकून उभी होते. सकाळपासून तिसरा पॅड बदलला होता आणि तरी मांडीवरून काहीतरी कोमट खाली सरकतंय हे मला कळत होतं.

"नाही हो मॅडम. आहे की पिशवी. तिचंच तर ऑपरेशन सांगितलंय."

"इथं काढल्याची नोंद आहे. आठ वर्षांपूर्वीची. चौगुले मालन विलास, जन्मतारीख बरोबर, कंपनी बरोबर. विमाही तेव्हाच पास झालाय. आता विमा कंपनीनं तुमचा अर्ज परत पाठवलाय. जे नाहीच, ते दुसऱ्यांदा कसं काढणार, म्हणतात."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. पुरुषाचा आवाज होता.

माझा नवरा विलास शेजारीच होता, मोबाइल हातात धरून. पाच मिनिटांपूर्वी त्या मोबाइलवर सहा आकडे आले होते आणि त्यानं ते मॅडमना मोठ्यानं वाचून दाखवले होते. पूर्वी कागदाची फाईल ज्या दवाखान्यात बनायची तिथंच कुजायची. आता एकेका माणसाच्या नावावर एक लांबलचक नंबर, आणि ज्या ज्या दवाखान्यांनी आपल्या जुन्या फाईली चढवल्यात त्या सगळ्या त्या नंबराखाली. पेशंटनं संमती दिली की नव्या दवाखान्याला जुनं सगळं दिसतं. संमती म्हणजे ते सहा आकडे. माझ्या नंबराला मोबाइल नवऱ्याचा जोडलेला होता, त्यामुळे माझी संमती त्याच्या खिशात वाजायची.

आकडे सांगताना त्यानं विचारच केला नव्हता, मागचं काय काय उघडेल याचा.

"चुकलं असंल काहीतरी, मॅडम," तो आता म्हणाला. "सोनोग्राफी बघा की. डॉक्टर मगदूमबाईंनी कालच बघितलीय."

"पोटात काय आहे ते डॉक्टर बघतात. मी फाईल बघते. आणि विमावाले फक्त फाईल बघतात."

"मग ते पुसून टाका," मी म्हणाले.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. चाळिशीच्या असतील. चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीनं बांधलेली होती.

"पुसता येत नाही. चूक असली तरी नाही. जुनी नोंद तशीच राहते, तिच्याखाली दुरुस्ती जोडायची. आणि कारण द्यायचं."

"काय कारण?"

"ते तुम्हाला माहीत, ताई."

नवऱ्यानं माझा दंड धरला. "चल, आधी च्या घेऊ," म्हणाला. रांगेतली माणसं बाजूला झाली. मी उभी होते तिथं फरशीवर एक थेंब पडला होता. एका बाईनं तो बघितला आणि पाय मागे घेतला.

*

ते ऑपरेशन माझं नव्हतं. माझ्या नणंदेचं, छबूचं होतं.

आठ वर्षांपूर्वी तिला असाच त्रास सुरू झाला. तिचा नवरा दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर, विमा कुठला? मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत कोअर शॉपला होते. ओतीव लोखंडाच्या आत पोकळी राहावी म्हणून वाळूचे गड्डे बनवतात, ते काम. आमच्याकडं ते बायकाच करतात. कंपनीचा विमा होता. त्यात मी, नवरा आणि दोन पोरं. नणंद त्यात बसत नव्हती. म्हणून छबू माझं नाव लावून एका दवाखान्यात दाखल झाली. तेव्हा फोटोबिटो कोण बघत होतं? माझं कार्ड, माझं नाव, माझी जन्मतारीख आणि तिचं पोट.

हे सगळं नवऱ्यानं मला न विचारता ठरवलं.

ऑपरेशननंतर ती आमच्याच घरी होती. तिचं सगळं मी केलं. पंधरा दिवस तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही.

दुरुस्ती. नवऱ्यानं मला विचारलं होतं. मी भाकरी थापत होते. "तुझ्या नावावर करूया का?" म्हणाला. मी म्हणाले, "बघा बाई, तुमचीच बहीण हाय." मग भाकरी उलटली आणि माझ्या मनात आलं, ऑपरेशन माझ्या नावावर म्हणजे सुट्टीसुद्धा माझ्या नावावर. दीड महिना. वाळूच्या धुळीत अकरा वर्षं काढलेल्या बाईला दीड महिना झोपून राहायला मिळणार होतं. मला आनंद झाला होता.

*

दवाखान्याच्या कँटीनमध्ये नवऱ्यानं छबूला फोन लावला. ती जवळच कामाला होती, हातमोजे शिवायच्या कारखान्यात. ती येईपर्यंत त्यानं कटवडा मागवला. मी काही घेतलं नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर मी ओढणी घडी करून घातली होती आणि तिच्यावर बसले होते.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"थांब की जरा. मार्ग असतोय."

वडा त्यानं बोटांनी कटात बुडवला. लाल तर्री बोटांवरून मनगटापर्यंत ओघळली, ती त्यानं चाटली. मी दुसरीकडं बघितलं. भिंतीवर एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं, आई, बाप, दोन पोरं. खाली लिहिलं होतं, तुमचं आरोग्य आता तुमच्या हाती.

छबू आली ती धावतपळत. कामाचा निळा डगला तसाच अंगावर.

"वैनी, काय म्हणाले वो? कधी घेणार ऑपरेशनला?"

"घेत न्हाईत," नवरा म्हणाला. "पिशवी काढलेली हाय म्हणत्यात."

छबूला कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! माझी?"

"तुझीच."

आणि मग ती हसली. खरंच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नवराही हसायला लागला. मला हसू आलं नाही, पण एवढं कळलं की माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसले असते.

"आता ऐक," नवरा पुढं वाकून म्हणाला. तोंडाला लसणाचा वास होता. "छबे, तुझ्या कंपनीचा विमा सुरू झाला न्हवं आता?"

"झाला की. दिवाळीपासून."

"तुझ्या फायलीत ऑपरेशन लिवलंय का कुठं?"

"कसं असंल? ते तर वैनीच्या..."

"बास! म्हंजे कागदावर तुझी पिशवी शिल्लक हाय. मालनची हाय पोटात, पण कागदावर न्हाई. तुझी न्हाई पोटात, पण कागदावर हाय. मालन तुझं नाव लावून दाखल हुईल. हितं नको, हितं तोंड बघितलंय. मिरजेला जाऊया. तुझी कागदावरची तेवढी काढून टाकायची. फिट्टंफाट!"

त्यानं हे एवढ्या खुशीत सांगितलं की बाजूच्या टेबलावरच्या माणसानं मान वळवली. एखाद्याला शेजारच्या घरून विरजण आणून द्यावं तसं तो बोलत होता. माझं हे, तिचं ते, कुणाचं कुठं शिल्लक आहे. मला मळमळायला लागलं. ती मळमळ रक्त गेल्याची, की त्या तर्रीची, की त्याच्या बोलण्याची, मला आजही वेगळं करून सांगता यायचं नाही.

आणि छबू लगेच तयार झाली. हे मुद्दाम सांगते. एका क्षणाचाही विचार न करता तिनं खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि आपलं कार्ड टेबलावर ठेवलं.

"घ्या की वैनी! तुम्ही मला नाव दिलासा, मी तुम्हाला देते. मला तसंबी ते काय उपयोगाला येणार हाय आता?"

"आधारबी लागंल तुझं," नवरा म्हणाला.

"आणलंय. फोटो कुणासारखा बी दिसतोय त्यात."

मी कार्डाकडं बघत होते. प्लास्टिकचं, नवंकोरं, कोपऱ्यावर अजून चिकटपट्टी. घेतलं असतं तर सुटले असते. मला ते घ्यायचं होतं. हेही मुद्दाम सांगते.

"डॉक्टरीण काय म्हणाली पण?" छबूनं विचारलं. "माझ्यासारखंच गाठीचं हाय न्हवं?"

"गाठ नाही, वन्सं. आतलं अस्तर जाड झालंय. आधी तुकडा काढून तपासायला पाठवणार."

"तुकडा कशाला?"

"कॅन्सर आहे का बघायला."

छबूचा हात टेबलावरच होता. तो हलला. आधी एक बोट कार्डावर आलं, मग दुसरं. मग तिनं कार्ड अगदी हळू, आम्हाला दिसणार नाही अशा बेतानं, स्वतःकडं ओढायला सुरुवात केली. आम्हा दोघांनाही ते दिसत होतं.

"छबे," नवरा म्हणाला.

"न्हाई दादा. तसं न्हाई. पण ते माझ्या नावावर लागंल न्हवं?"

"नाव काय चाटायचं हाय का तुला? तुला थोडाच होणार हाय कॅन्सर?"

"पुसता येत न्हाई म्हंतासा न्हवं? मग? अंकिताला बघायला येत्यात पुढच्या महिन्यात. पोरगा लॅबमध्ये हाय. उद्या त्यानं बघितलं, आईला काय झालं हुतं... पोरीच्या रक्तात येतंय म्हंत्यात ते. तिच्या जन्माला चिकटवू का मी?"

"तिच्या आयुष्याचं काय?" नवऱ्यानं माझ्याकडं बोट दाखवलं. त्या बोटाला अजून तर्री होती. "तुझ्या येळंला तिनं नाव दिलं का न्हाई? तुझी सेवा केली. सगळं केलं. आणि तू? लाज वाटती का गं?"

छबूनं कार्ड पिशवीत टाकलं. मग पिशवीची चेन लावली. चेन अडकली, तिनं ती दोनदा मागंपुढं केली.

"सेवा?" ती म्हणाली. "वैनी, सेवा केलासा तुम्ही माझी?"

मी ओढणीचं टोक खुर्चीवर सारखं केलं.

"दादा घरात नव्हता त्या दिवशी. वैनी, सांगा की त्याला. च्या कुणी केला हुता?"

*

दुरुस्ती. पंधरा दिवस पलंगावर छबू नव्हती. मी होते.

म्हणजे रात्री ती असायची. दिवसा मी. कारण ऑपरेशन माझं झालेलं होतं. गल्लीला माहीत होतं, कंपनीला माहीत होतं, आणि कोण केव्हा येईल सांगता येत नव्हतं. मी पोटाला जुनी चादर गुंडाळून पडायचे. दार वाजलं की कण्हायचे. सुरुवातीला लाज वाटायची. चौथ्या दिवसापासून नाही वाटली. मला ते जमायला लागलं होतं.

नवव्या दिवशी कोअर शॉपच्या पाच बायका आल्या. सफरचंदं, बिस्किटांचे पुडे. पलंगाभोवती बसल्या. मी डोळे अर्धे मिटून त्यांच्याशी बारीक आवाजात बोलत होते. एकीनं माझ्या कपाळावर हात ठेवला. अकरा वर्षांत माझ्या कपाळावर कुणी हात ठेवला नव्हता. मी तो हात बराच वेळ तसाच राहू दिला.

"नणंद आलीय मदतीला," मी त्यांना सांगितलं. "वन्सं, च्या ठेवा की जरा."

छबू भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली. सहा कप. घरातलं पाणी संपलेलं होतं. बाहेरच्या नळावरून भरलेली कळशी तिनं उचलून आणली. मी पलंगावरून बघत होते. उंबऱ्यात ती थांबली, एका हातानं पोट दाबलं, आणि पुढं आली. चहा घेऊन आली तेव्हा तिच्या वरच्या ओठावर घाम होता. बायका म्हणाल्या, "नशीब काढलंस मालन, अशी नणंद मिळाली."

मी चहा प्यायले. साखर कमी होती. तसं बोललेसुद्धा.

संध्याकाळी तिचे टाके सुटलेले होते. परकर भिजला होता. पण त्याच दवाखान्यात परत जायचं तर माझ्या नावावर जायला लागणार, आणि मला तर पाच बायकांनी दुपारीच घरी पलंगावर बघितलं होतं. त्यांतली कुणी तिथं बघायला आली आणि खाटेवर नणंदच दिसली तर? "नको, संशय येईल," मी म्हणाले. हे नवरा म्हणाला नाही. मी म्हणाले. मग एक कंपाउंडर घरी येऊन दीड महिना पट्ट्या बदलत राहिला. खोलीत पुवाचा वास यायचा. मी उदबत्ती लावायचे.

*

टाके कशानं सुटले हे नवऱ्याला माहीत नव्हतं. कँटीनमध्ये छबूनं ते चार वाक्यांत सांगितलं, मोठ्यानं नाही. मी मान खाली घालून ऐकलं.

"खरं हाय का हे?" त्यानं मला विचारलं.

"खरं आहे."

त्यानं बोटं पुसली. मग म्हणाला, "ते जाऊ दे. मागचं काढून आता काय उपयोग? छबे, तुला काय पाहिजे ते सांग, पर कार्ड दे."

तेव्हा मी उठले. कशासाठी उठले हे मला उठल्यावर कळलं.

"कुठं निघालीस?"

"दुरुस्ती करायला."

"डोकं फिरलंय का तुझं? कंपनीला कळंल. फसवणूक हाय ही! नोकरी जाईल. पोलिसात देतील. मालन! आवाज हळू कर आणि बस खाली."

आवाज त्याचाच चढला होता. मी ओढणी उचलली. खुर्चीवर डाग होता. तो मी तसाच ठेवला. एरवी मेले असते पण तसा डाग ठेवून उठले नसते.

रांगेत सात माणसं होती. मी उभी राहिले. नवरा कँटीनच्या दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्याच्या खिशातला मोबाइल वाजत होता.

माझी पाळी आली. बिडकर मॅडमनी मला ओळखलं.

"ते ऑपरेशन माझं नव्हतं," मी म्हणाले.

त्यांची बोटं कळफलकावर थांबली. "म्हणजे?"

"माझ्या नावावर दुसऱ्या बाईचं झालं. माझ्या संमतीनं. विम्याच्या कागदावर सही माझीच आहे. लिहा."

"ताई, हळू बोला." त्यांनी माझ्यामागं बघितलं. "असं लिहिल्यावर पुढं काय होतं माहिताय ना? हे कंपनीला जातं, विम्याला जातं. आताचं ऑपरेशन तरीही लगेच मंजूर होईल असं नाही. चौकशी लागेल. कदाचित विमाच बंद होईल."

"मग सरकारी दवाखान्यात जाईन. पण तिथंसुद्धा हेच उघडेल ना? लिहा."

"कुणाचं होतं ऑपरेशन? पडताळणीला नाव लागतं."

"ते मी सांगणार नाही."

"मग दुरुस्ती होत नाही. नाव नाही, पुरावा नाही. उद्या कुणीही येऊन म्हणेल, माझं नव्हतं." त्या चिडल्या नव्हत्या. दमलेल्या होत्या. "बाजूला उभ्या राहा, विचार करा. पुढचे या."

पुढचे पुढं आले नाहीत. त्यांना कुणीतरी बाजूला सारलं होतं. निळा डगला माझ्या खांद्याला लागला.

"माझं होतं," छबू म्हणाली.

"वन्सं, तुम्ही जा..."

"गप बसा वैनी. सारखं मला सांगू नका काय करायचं ते." ती काचेला भिडली. "पुरावा पाहिजे न्हवं? हे बघा."

तिनं डगला वर केला. साडीच्या निऱ्या दोन बोटं खाली सारल्या. मागं रांग होती, तिच्यात पुरुष होते, मघाचा हसणारासुद्धा असेल.

बेंबीपासून खाली गेलेला तो व्रण मी आठ वर्षांत एकदाही बघितला नव्हता. कंपाउंडर आला की मी उदबत्ती घेऊन बाहेर जायचे. वरचा अर्धा भाग बारीक होता, सरळ रेघेसारखा, डॉक्टरनं घातलेला. खालचा अर्धा नव्हता तसा. तिथं मांस जाड होऊन वर आलं होतं, पिरगळलेलं, चकचकीत, आणि मध्ये एक खळगा होता, त्यात माझं बोट पहिल्या पेरापर्यंत गेलं असतं. मला ओकारी आली. मी ती गिळली. मला वाटलं होतं किळस नवऱ्याची येतेय, त्या तर्रीची येतेय, त्या काचेची येतेय.

"झाका ते ताई, झाका," बिडकर मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला होता. "लोक आहेत."

"लिवा आधी."

"लिहिते. नाव सांगा."

"छबू बाळासाहेब पोवार." तिनं आधार कार्ड काचेखालून आत सरकवलं. मघाशी "आणलंय" म्हणाली होती, तेच.

मॅडमनी ते बघितलं, नंबर एका वहीत उतरवला, पडद्यावर काहीतरी भरलं. मग पडदा आमच्याकडं वळवला. नियमानं पेशंटला वाचून खात्री करावी लागते म्हणाल्या. छबूला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचलं. वर जुनी नोंद होती तशीच. तिच्याखाली नवी ओळ: सदर शस्त्रक्रिया या रुग्णावर झालेली नसून अन्य महिलेवर झाल्याचे रुग्णाचे म्हणणे आहे.

"नाव कुठं हाय माझं?" छबूनं विचारलं.

"नाव वहीत घेतलंय, पडताळणीसाठी. एका पेशंटच्या फाईलमध्ये दुसऱ्या पेशंटचं नाव घालता येत नाही. गोपनीयता असते."

"मग माझ्या फायलीत घाला."

"तुमच्यावर असं ऑपरेशन झाल्याचा कागद आहे का, तुमच्या नावाचा?"

छबूचा डगला अजून खाली आला नव्हता. मी हात पुढं केला आणि तो खाली ओढला. तिनं माझा हात झटकला.

*

विमा बंद झाला. कंपनीनं राजीनामा लिहून घेतला, पोलिसात दिलं नाही. सरकारी दवाखान्यात साडेतीन आठवड्यांनी माझं ऑपरेशन झालं. तुकड्यात कॅन्सर निघाला होता, सुरुवातीचा. याला आता सहा वर्षं झाली. नंबराला मी माझा स्वतःचा मोबाइल जोडून घेतला. माझ्या फाईलमध्ये पिशवी दोनदा काढलेली दिसते, मध्ये ती एक ओळ. प्रत्येक नवीन डॉक्टर तिथं थांबतो आणि मग मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

छबू माझ्याशी बोलत नाही. अंकिताच्या लग्नाची पत्रिका आली, ती नवऱ्याच्या नावानं.

गेल्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं, त्या खळग्याच्या जागी. अंकितानं मला नंतर सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिचा नंबर टाकला, सहा आकडे घेतले, फाईल उघडली. पूर्वीची शस्त्रक्रिया: नाही. मग त्यानं पडद्याकडं बघतच तिला विचारलं, शेवटची पाळी कधी आली होती.